सीटखालचं इंजिन

ओम्नीचं पुढचं सीट उचललं की खाली इंजिन, ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. प्लग काढून पुसा, कार्बोरेटर साफ करा, जुनी असेल तर पॉइंटचा गॅप पाहा. पाना, पक्कड आणि पॉलिश पेपर एवढ्यावर गाडी पुन्हा जालना रोडला लागायची. राजूरमध्ये गॅरेजवर संसार उभा केलेल्या माझ्यासारख्या माणसाला याहून शहाणी गाडी दुसरी वाटणार नाही. अंगारकीला गणपतीच्या दर्शनाला येणाऱ्या ओम्नीतून माणसं उतरायला लागली की संपायची नाहीत.

पण ड्रायव्हरच्या गुडघ्यापुढे काय होतं? एक पत्रा, आणि त्यात बसवलेला हेडलाइट. इंजिन सीटखाली गेल्यामुळे पुढून मार बसला तर आधी दबायला काही उरतच नव्हतं. थेट पायच.

साधी गाडी म्हणताना आम्ही दोन गोष्टींची गल्लत करतो. एक साधेपणा दुरुस्तीचा, तो गिऱ्हाइकाचे पैसे वाचवतो. दुसरा साधेपणा वस्तू काढून टाकण्याचा, तो कंपनीचे पैसे वाचवतो. नियमांनी दोन्ही गेले असं लोक म्हणतात. खरं तर पहिला गेला धुराच्या नियमांनी. २००० सालाच्या आसपास प्रदूषणाची मानकं कडक झाली आणि कार्बोरेटरच्या जागी इंजेक्टर, सेन्सर आणि इंजिनचा कॉम्प्युटर म्हणजे ईसीएम आले. एअरबॅग तेव्हा आमच्या भागातल्या गाड्यांत कुणी पाहिलीही नव्हती. तरी शिव्या खाते ती एअरबॅगच.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, पन्नास हजारांच्या आसपास किमतीला. पुढच्या सीटला बेल्ट सक्तीचा झाला १९९४ ला. आमच्याकडे तो बेल्ट सीटमागे अडकवून ठेवायची पद्धत होती, शर्टाची इस्त्री मोडते म्हणून. तोवर काळीपिवळी जीपच्या मागच्या फळीवर लटकून जालना गाठलेल्या माणसाला बंद दाराची गाडी म्हणजेच मोठी सुरक्षितता वाटे, आणि त्यात तो चुकत होता असंही नाही.

नॅनोचं सगळं गणित याच हिशेबावर होतं. १० जानेवारी २००८ ला दिल्लीत रतन टाटांनी ती दाखवली. एका चाकाला तीनच नट, पुढे एकच वायपर, सुरुवातीच्या गाड्यांची डिकी बाहेरून उघडायची सोयच नाही. दुचाकीवर नवरा-बायको आणि दोन पोरं पाहून ही कल्पना सुचली, असं ते सांगत. मला तो विचार आजही खोटा वाटत नाही.

मग जानेवारी २०१४ ला गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटरने आपटल्या. नॅनो, अल्टो ८००, आय-टेन, फिगो आणि आपल्या चाकणची पोलो. पाचांनाही शून्य तारे. पण डेंटिंग करणाऱ्याने पाहावं ते पुढे आहे. पोलो आणि फिगोचा सांगाडा टिकला होता. पोलोत दोन एअरबॅग घालून पुन्हा आपटली तर चार तारे मिळाले आणि फोक्सवॅगनने बिनएअरबॅगची पोलो बंदच केली. नॅनो, अल्टो आणि आय-टेनचा सांगाडाच वाकला होता. तिथे नुसती एअरबॅग बसवून भागलं नसतं. पत्रा सरळ करायला सोपा असतो तो पातळ असतो म्हणून, हे आम्हाला कुणी सांगावं लागत नाही.

२०१७ च्या ऑक्टोबरपासून नव्या मॉडेलला आणि दोन वर्षांनी सगळ्याच गाड्यांना समोरून आणि बाजूने टकरीची चाचणी लागू झाली. २०१९ च्या एप्रिलात एबीएस ब्रेक सक्तीचे झाले. जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग, बेल्टचा बजर, मागचा पार्किंग सेन्सर आणि वेगाची सूचना. ८० च्या पुढे गेलं की टुकटुक, १२० च्या पुढे सलग. त्याच वर्षी ओम्नी संपली. अल्टो ८०० मात्र २०२३ ला धुराच्या नियमाने गेली.

गंमत अशी की २०१९ च्याच एप्रिलात संभाजीनगरजवळच्या वाळूजला तयार होणारी बजाज क्यूट महाराष्ट्रात विक्रीला आली, २ लाख ४८ हजारांना. चार चाकं, २१६ सीसी, ताशी ७० चा वेग. कागदोपत्री ती कार नाही, क्वाड्रिसायकल आहे, म्हणून एअरबॅगची सक्ती नाही. रिक्षापेक्षा बरी, कारपेक्षा कमी. गरिबासाठी मधली पायरी हवी, हे सरकारनेही मान्य केलं म्हणायचं.

सहा एअरबॅगचा वाद त्यानंतरचा. २०२२ च्या सप्टेंबरात पालघरजवळ गाडीच्या अपघातात मागच्या सीटवर बेल्ट न लावता बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री गेले आणि मागच्या सीटचा बेल्ट पहिल्यांदाच घराघरांत चर्चेला आला. परदेशी पाठवता त्या गाडीत सहा एअरबॅग, मग इथे का नाही, असं रस्ते वाहतूकमंत्री गडकरी विचारत होते. लहान गाडी महाग होईल, असं मारुतीचे अध्यक्ष भार्गव म्हणत होते. सहा एअरबॅगची सक्ती सरकारने २०२३ ला सोडून दिली. २०२५ ला अल्टो के-टेनमध्ये सहा एअरबॅग सक्तीशिवायच आल्या. स्पर्धेने नियमाचं काम केलं.

आता समृद्धी महामार्ग जालन्याला लागून गेलाय, १२० च्या मर्यादेचा. माझ्याकडे गाडी येते ती बजर बंद करायला. बेल्टच्या खाचेत घालायची खोटी क्लिप मिळते. २०२३ ला केंद्राने ऑनलाइन विकणाऱ्यांना ती काढायला लावली, तरी येते कुठून तरी. आणि सेकंडहँड गाडीची एकदा फुटलेली एअरबॅग नवी घालायला किती, असं विचारून आकडा ऐकला की मालक हळूच म्हणतो, “नुसता लाइट घालवा ना.” एक छोटा रेझिस्टर लावला की डॅशबोर्डवरचा लाल दिवा जातो, वर स्टेअरिंगचं झाकण बसतं. मी ते काम घेत नाही. गाडी चार दिवसांनी समोरून जाते, दिवा गेलेला असतो.