क्षेपणभूमी : मूल्यमापन व पुनर्वसन

शहराचा कचरा वर्षानुवर्षे उघड्यावर टाकल्याने साचलेल्या ढिगाचा (बोलीत 'डम्पिंग ग्राउंड') धोका मोजून तो निवारण्याची प्रक्रिया. ढीग उपसायचा की जागीच झाकायचा, हा निर्णय मोकळ्या होणाऱ्या जमिनीच्या भावावर घेण्याची ओढ मोठी असते; तो ढिगाच्या पोटात काय आहे ते तपासूनच घ्यायला हवा. ड्रोनने मोजणी केली की आकारमान कळते, वजन कळत नाही. घनता खोलीप्रमाणे आणि ओलाव्याप्रमाणे बदलते, पावसाळ्यात तोच कचरा जड भरतो. कंत्राटाचे पैसे टनावर द्यायचे असले तर हा फरक पालिकेच्या तिजोरीला भोवतो. म्हणून निरनिराळ्या ठिकाणी बोअर घेऊन थराथरातला कचरा तपासावा लागतो, ढिगातून झिरपणारे काळे पाणी म्हणजे लिचेट पाहावे लागते, भूजलाचे नमुने ढिगाच्या चढाकडून आणि उताराकडून असे दोन्हीकडून घ्यावे लागतात. मिथेनचे हवेतले प्रमाण 5 ते 15 टक्के असेल तर ठिणगीने स्फोट होऊ शकतो. मुंबईत 1927 पासून वापरात असलेल्या देवनारच्या क्षेपणभूमीला जानेवारी 2016 मध्ये लागलेल्या आगीमुळे आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

मुंबईने झाकणे आणि उपसणे या दोन्ही वाटा चोखाळल्या आहेत. खाडीलगतच्या गोराईचा सुमारे 20 हेक्टरांचा ढीग उतार देऊन झाकला, वायू काढून घेण्यासाठी त्यात विहिरी घेतल्या. 2018 मध्ये बंद झालेल्या मुलुंडला मात्र बायोमायनिंग निवडले: थर मोकळे करायचे, जिवाणूंचे द्रावण फवारून उलथापालथ करायची, मग ट्रॉमेलच्या फिरत्या चाळणीतून माती, दगड-राडारोडा आणि जळाऊ प्लास्टिक-चिंध्या वेगळ्या करायच्या. तिथल्या सुमारे 70 लाख टनांसाठी ठरलेली मुदत वाढवावी लागली. झाकलेल्या ढिगाखाली अस्तर नसते, लिचेट झिरपतच राहते, हा आक्षेप रास्त आहे. 2016 च्या घनकचरा नियमांनीही शक्य तिथे बायोमायनिंगच आधी सांगितले होते. पण उपसलेला कचरा नाहीसा होत नाही. चाळलेल्या मातीत जड धातू आणि प्लास्टिकचे बारीक कण राहतात; ती न तपासता भरावाला किंवा शेताला दिली तर एका ढिगाचे शंभर ढीग होतात. मातीने बरबटलेले प्लास्टिक सिमेंटच्या भट्टीवाल्यालाही नकोसे असते. म्हणून किती टन उपसले यापेक्षा प्रत्येक भाग कुठे पोचला, याचा हिशेब आधी मागावा.

ढीग पेटत असताना तपासणीत वेळ कशाला घालवायचा, असेही म्हटले जाते. आग विझवणे, उतार सावरणे, वायू काढून घेणे ही कामे लगेच सुरू करता येतात आणि बोअर त्याच सुमारास घेता येतात. कोणत्या कोपऱ्यात राडारोडा आहे, कुठे ओला कचरा गाडला आहे, धूर कुठून निघतो, हे तिथल्या कचरावेचकांना नेमके ठाऊक असते. पाहणीत त्यांना मेहनताना देऊन सामील करावे आणि ढीग हटला की त्यांना वर्गीकरण केंद्रात काम मिळेल, ही तरतूद कंत्राटातच लिहावी.