ग्रस्त

शब्दाचा इतिहास हा पुष्कळदा माणसांचाच इतिहास असतो. आज आम्ही दोन विशेषणे आपल्यापुढे ठेवीत आहोत. एक जर्मन आहे. दुसरे न्हावा शेवा बंदराभोवती घरोघर ऐकू येते.

जर्मन विशेषण 'हायमाटफरट्रीबन'. 'हायमाट' म्हणजे आपले गाव, आपला मुलूख. 'फरट्रीबन' म्हणजे हाकलून दिलेला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आणि त्यानंतर पूर्वेकडील एक कोटीहून अधिक जर्मनांना घरेदारे सोडावी लागली. १९५३ साली पश्चिम जर्मनीने कायद्यात या शब्दाची व्याख्या केली आणि विशेषणाला हक्काचे रूप आले.

उरण तालुक्यातील शब्द आहे 'प्रकल्पग्रस्त'. 'ग्रस्' म्हणजे गिळणे. आपल्या ताटातला 'ग्रास' त्याच घरचा. ग्रहण लागलेलेच बिंब उगवले, तर पंचांगकर्ते त्यास 'ग्रस्तोदित' म्हणतात. राज्याच्या १९७६ च्या कायद्याने विस्थापितांचा विचार केला, तर १९८६ च्या कायद्याच्या नावात बाधितांचा उल्लेख आला. हा भेद लहान नव्हे. ज्याचे घर राहिले पण भातखाचर गेले, तो विस्थापित नसतो. बाधित मात्र असतो. लोकांच्या तोंडी तथापि 'ग्रस्त'च बसले.

ते का बसले, हे येथील इतिहास सांगतो. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी जमिनी संपादन होऊ लागल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. जानेवारी १९८४ मध्ये जासई व पागोटे येथील गोळीबारांत पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. बंदरासाठी जुने शेवा गाव उठले, नवे वसले. १९८९ साली बंदर सुरू झाले.

आता दोन्ही शब्द शेजारी ठेवून पाहा. दोन्ही देशांतील कारणे अगदी निराळी आहेत, हे आम्ही विसरत नाही. परंतु जर्मन शब्द काय हरवले ते सांगतो. आपला शब्द कोणी गिळले ते सांगतो. गावाचे नाव त्यात कोठेच उरत नाही.

ग्रहणाला मोक्षकाळ असतो. पंचांगात त्याची वेळ छापलेली असते. येथे मात्र बंदर सुरू झाल्यावर जन्मलेली नातवंडेही 'प्रकल्पग्रस्त' असा दाखला जोडून नोकरीचा अर्ज करतात. या विशेषणाचा मोक्षकाळ कोणत्या पंचांगात पाहावा, हे विचारणे आपणां सर्वांचेच काम आहे.