पडला एक दात, मग बिल तीन दातांचं का? डेंटल ब्रिजचा इतिहास

"डॉक्टर, पडलाय एकच दात. मग पैसे तीन दातांचे कसे?"

ब्रिज सुचवला की हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्तही आहे. नेहमीच्या ब्रिजमध्ये पडलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचे दात घासून लहान करतात, त्यांच्यावर कॅप बसवतात आणि मधला खोटा दात त्या कॅपना जोडलेला असतो. म्हणजे गेलेल्या दाताचा भार शेजाऱ्यांनी उचलायचा! दातांच्या या शेजारधर्माला अडीच हजारांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. शेजाऱ्यांकडे दुर्लक्ष झाल्यावर काय घडतं, हेही त्यातून कळतं.

सोन्याच्या पट्टीचा काळ

इटलीच्या मध्य भागात एट्रुस्कन लोक राहत होते. इ.स.पूर्व सातव्या शतकाच्या सुमारास त्यांचे कारागीर सोन्याची पातळ पट्टी बाजूच्या दातांभोवती गुंडाळायचे आणि मधल्या रिकाम्या जागी खोटा दात पट्टीत बसवायचे. तो कधी माणसाचा असे, कधी जनावराचा. असे ब्रिज प्रामुख्याने पुढच्या दातांचे आणि बहुधा स्त्रियांचे आढळतात. त्यामुळे ते चावण्यापेक्षा मिरवण्यासाठी असावेत, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. आजच्या लेबनॉनमधल्या सिडोन इथे फिनिशियन लोकांचे सोन्याच्या तारेने बांधलेले दातही सापडले आहेत.

इ.स.पूर्व 450 च्या सुमाराच्या रोमन कायद्यात तर एक गंमतशीर कलम आहे. मृताबरोबर सोनं पुरायला बंदी, पण दात बांधलेलं सोनं काढायची गरज नाही!

पुढची कित्येक शतकं तत्त्व तेच राहिलं: खोटा दात शेजारच्या दातांना बांधायचा. 1728 मध्ये फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यातही दोऱ्याने आणि तारेने दात बांधायच्या पद्धती आहेत. मात्र जिथे दोरा किंवा तार, तिथे अन्न अडकणार. सतत ताण आणि अस्वच्छता सोसून शेजारचे दातही हलू लागणार.

वर सोनं, खाली पू

एकोणिसाव्या शतकात भूल आली, पायाने चालवायचं ड्रिल आलं, चांगलं सिमेंट आलं. आता दात घासून त्यावर सोन्याची कॅप पक्की चिकटवता येऊ लागली. अमेरिकेत असे ब्रिज खूप लोकप्रिय झाले. पण खालचं मूळ सडलेलं आहे का, हे पाहण्यासाठी दातांचा एक्स-रे तेव्हा सर्रास काढला जात नव्हता. कुजलेल्या मुळांवरही चकचकीत सोनं चढत होतं.

1910 मध्ये इंग्लंडचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या भाषणात यावर कडाडून टीका केली. हे ब्रिज म्हणजे जंतुसंसर्गावर उभारलेल्या सोन्याच्या समाध्या आहेत, असा त्यांचा रोख होता. त्यांची तक्रार खोटी नव्हती, पण त्यातून दुसरं टोक गाठलं गेलं. सांधेदुखीपासून मानसिक आजारापर्यंत अनेक व्याधींचं मूळ दातांत आहे असं मानून पुढची दोन-तीन दशकं असंख्य दात उपटले गेले. त्यांत वाचवता येण्याजोगे दातही होते. पुढच्या संशोधनात हे सरसकट दात काढणं टिकलं नाही.

शेजाऱ्यांवरचा भार कमी करताना

1907 मध्ये अमेरिकेच्या विल्यम टॅगर्ट यांनी मेणाच्या साच्यावरून सोनं अचूक ओतण्याची पद्धत मांडली, त्यामुळे कॅप नीट बसू लागल्या. 1960 च्या दशकात धातूवर पोर्सेलिन चढवण्याचं तंत्र रुळलं आणि ब्रिज दातांच्या रंगाचा झाला. आता झिर्कोनियाही आहे. 1970 च्या दशकात शेजारचे दात जवळजवळ न घासता मागून पातळ धातूचे पंख चिकटवणारे ब्रिज आले. त्याआधीच, 1965 मध्ये, स्वीडनच्या ब्रॉनमार्क यांनी जबड्याच्या हाडात रुजणारं टायटॅनियमचं इम्प्लांट रुग्णावर वापरलं होतं. त्याला शेजाऱ्यांची मदतच लागत नाही.

मग तुम्ही काय करावं?

बाजूच्या दातांवर आधीच मोठं फिलिंग किंवा कॅप असेल, तर ब्रिज हा चांगला पर्याय ठरू शकतो. ते दात पूर्ण निरोगी असतील, तर ते घासण्याआधी इम्प्लांटबद्दल जरूर विचारा. ब्रिजच्या आधी आधाराच्या दातांचा एक्स-रे काढून घ्या, हिरड्या तपासून घ्या.

आणि ब्रिज बसला म्हणजे काम संपलं असं समजू नका. खोटा दात किडत नाही, पण कॅपच्या कडेला खरा दात किडू शकतो. मधल्या दाताखाली ब्रश पोहोचत नाही. तिथे सुपरफ्लॉस किंवा बारीक इंटरडेंटल ब्रश रोज फिरवा आणि दर सहा महिन्यांनी तपासणीला या.

तेव्हा पैसे तीन दातांचे, कारण काम तीन दातांवर होतं. आणि काळजी सगळ्यात जास्त घ्यायची, ती त्यातल्या दोन खऱ्या दातांची.