बूटेबल पेनड्राइव्ह : बंद पडलेल्या संगणकाची किल्ली

संगणक सुरू झाला नाही, की त्यातील माहितीही गेली, असा अनेकांचा समज असतो. पुष्कळदा तो चुकीचा ठरतो. बिघडलेली असते ती विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजेच कार्यप्रणाली. छायाचित्रे, दस्तऐवज आणि हिशेब डिस्कवर शाबूत असतात. दुरुस्तीच्या घाईत डिस्क फॉरमॅट केली, की मात्र त्यांचा ठावठिकाणा उरत नाही. हे टाळण्यासाठी बूटेबल पेनड्राइव्ह उपयोगी पडतो.

बूटेबल म्हणजे काय?

संगणकाचे बटण दाबताच मदरबोर्डवरील बायोस किंवा त्याची नवी आवृत्ती यूईएफआय कामाला लागते. ती बूट लोडर हा छोटा प्रोग्राम शोधते आणि तो कार्यप्रणाली सुरू करतो. एरवी हा शोध अंतर्गत डिस्कवर संपतो. बूटेबल पेनड्राइव्ह असल्यास तो तिकडे वळवता येतो. कार्यप्रणालीची आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून मात्र हे साधत नाही.

तयार कसा करावा?

किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्यावा. या प्रक्रियेत त्यावरील सर्व मजकूर पुसला जातो. तो आधी अन्यत्र ठेवावा. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल मोफत मिळते. लिनक्स मिंट किंवा उबुंटू यांची आयएसओ फाइल त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावी आणि तिथे दिलेल्या एसएचए-२५६ संकेताशी ताडून पाहावी. त्यानंतर विंडोजवर चालणाऱ्या रूफस या मोफत प्रोग्राममध्ये पेनड्राइव्ह व फाइल निवडावी. यूईएफआय असलेल्या संगणकासाठी जीपीटी, तर जुन्या बायोससाठी एमबीआर हा पर्याय घ्यावा. व्हेंटॉय हा प्रोग्राम पेनड्राइव्हवर एकदा बसवला, की मग अनेक आयएसओ फायली नुसत्या कॉपी केल्या तरी चालतात.

माहिती कशी वाचवावी?

पेनड्राइव्ह जोडून संगणक सुरू करताना बूट मेन्यूची कळ दाबावी. डेल व लेनोव्होच्या बहुतेक संगणकांत ती एफ१२, तर एचपीमध्ये एफ९ असते. लिनक्स मिंट काहीही न बसवता थेट पेनड्राइव्हवरून चालते. त्यातून अंतर्गत डिस्क उघडून हव्या त्या फायली दुसऱ्या बाह्य डिस्कवर घ्याव्यात. या वेळी पडद्यावरील 'इन्स्टॉल' या चिन्हाला हात लावू नये.

डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती नसेल, तर मजकूर उघडत नाही. म्हणून संगणक चालू असतानाच ती टिपून ठेवावी. डिस्कमधून खटखट असा आवाज येत असल्यास दोष यांत्रिक असतो. अशा वेळी संगणक बंद करून जाणकाराकडे न्यावा.

विंडोज १० चा प्रश्न

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा लागते आणि अनेक जुने संगणक या अटीत बसत नाहीत. संगणक मोडीत काढण्याआधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे. वायफाय, प्रिंटर आणि देवनागरी टंकलेखन नीट चालते का, हे डिस्कला धक्का न लावता कळते.

जोडीची साधने

साटा-यूएसबी केबलने लॅपटॉपमधून काढलेली साटा डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडता येते. ओटीजी जोडणीमुळे पेनड्राइव्ह मोबाइलवर वाचता येतो. सार्वजनिक ठिकाणी मोबाइल चार्ज करताना डेटा ब्लॉकर लावल्यास फक्त वीज जाते, माहितीची देवाणघेवाण होत नाही.

अतिस्वस्त पेनड्राइव्हवर छापलेली क्षमता खोटी असू शकते. एच२टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने ती तपासता येते. सापडलेला, अनोळखी पेनड्राइव्ह कधीही जोडू नये.

बूटेबल पेनड्राइव्ह संगणक धडधाकट असतानाच तयार करावा, त्यावर नाव व तारीख लिहावी आणि एकदा त्यावरून संगणक सुरू होतो याची खात्री करून घ्यावी. संगणक बंद पडल्यावर तो बनवायला दुसऱ्याचा संगणक शोधावा लागतो.