हरवलेल्या पैचा हिशेब

लॉरेल आणि हार्डी यांच्या 1930 च्या ‘बिलो झीरो’ या लघुपटात दोन फाटके वादक कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर वाजवत उभे असतात. पैसे मिळत नाहीत, वाद्ये मात्र मोडतात. मग रस्त्यात एक पाकीट सापडते. त्या आनंदात ते एका पोलिसालाही खानावळीत जेवायला नेतात आणि बिल द्यायची वेळ आल्यावर कळते, की पाकीट त्या पोलिसाचेच आहे. धांदरट कामकरी आणि हरवलेला पैसा या जोडीवर विनोदी चित्रपटांची अख्खी पिढी पोसली गेली. आपल्याकडे हा विनोद परदेशी पडद्यावरून आला, असे सहज म्हटले जाते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचा इतिहास पाहिला तर हे म्हणणे अर्धेच खरे ठरते. पडण्या-आपटण्याची सिनेमाची तऱ्हा बाहेरून आली असेल, पण गोंधळ घालणारा नोकर, न जुळणारा हिशेब आणि गायब झालेली रक्कम यांवर हसण्याची रीत दौलताबाद-पैठणच्या मुलखात सोळाव्या शतकापासून आहे. तिचा स्वभावही निराळा आहे. तिकडे पैसा नशिबाने हरवतो आणि नशिबाने सापडतो. इकडे पैसा हरवला की तो कोणाच्या तरी घरी गेलेला असतो, आणि धांदरटपणा हे बहुतेकदा त्यावरचे पांघरूण असते.

या परंपरेची पहिली गोष्ट संतचरित्रातली आहे. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे निजामशाहीच्या अमलात देवगिरी म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर अधिकारी होते आणि तरुण एकनाथ त्यांच्याकडे राहून दफ्तराचे काम पाहत. एका रात्री हिशेबात एका पैचा फरक आला. एकनाथ दिव्याशी बसून रकाने उलटसुलट तपासत राहिले आणि उत्तररात्री चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवून मोकळे झाले. एवढा आनंद एका पैचा, तर संसाराच्या हिशेबातली चूक सापडली तर केवढा होईल, असा बोध गुरूंनी केला, अशी ही कथा. तिला दफ्तरी पुरावा नाही आणि तो शोधायचेही कारण नाही. महत्त्वाचे हे, की संताच्या आयुष्यातला निर्णायक क्षण रंगवताना परंपरेने अरण्य किंवा नदीकाठ निवडला नाही, महसुली कचेरी निवडली. एका पैसाठी जागलेला आणि उत्तररात्री एकटाच टाळ्या पिटणारा कारकून हे दृश्य आधी हसू आणते, मग विचारात टाकते. ज्या श्रोत्यांना कचेरीतल्या पैची किंमत ठाऊक नव्हती, त्यांना ना ते हसू आले असते ना तो विचार.

पुढे पैठणला एकनाथांनी (1533–1599) जी भारुडे रचली, त्यांत सरकारी कागदांच्या घाटाची भारुडे आहेत: अर्जदस्त, ताकीदपत्र, जाबचिठ्ठी, कौलनामा. त्यातला अर्जदस्त हा या लेखाचा मुख्य साक्षीदार आहे. त्यात माणसाचे शरीर हाच एक परगणा आहे. तिथे नेमलेला जिवाजी शेखदार आणि त्याचा बुधाजी कारकून वर ‘साहेबां’कडे अर्ज धाडतात. हुकुमाप्रमाणे काम सुरू करायला आलो, पण इथले वतनदार काही चालू देत नाहीत, अशी त्यांची रड आहे. दंभाजी शेटे कचेरीत ठाण मांडून बसतो. कामाजी महाजन आहे, क्रोधाजी नाईकवाडी दंगा करतो आणि ममताई देशपांडीण साऱ्या परगण्याला जेरीस आणते. तेवढ्यात म्हातारपणाची फौज चालून येते. डोळ्यांचे, कानांचे, दातांचे अशी एकेक गावे ओस पडू लागतात आणि वरून यमाजीपंतांचे बोलावणे येते. वसुलाचा पत्ता नाही, मुलूख उजाड झाला, आणि अंमलदार शुद्ध दफ्तरी भाषेत, सलाम-बंदगीसकट, स्वतःच्या नालायकीची बातमी वर कळवतो आहे. नुकसान मालकाचे आणि खुलासा नोकराचा, एवढ्यावर सगळी गंमत उभी आहे. तो खुलासा जितका अदबीचा, तितका हास्यास्पद होत जातो.

यावर सरळ आक्षेप असा, की हे सारे रूपक आहे. नाथांना जिवाची आणि विकारांची गोष्ट सांगायची होती, निजामशाहीच्या नोकरांची नव्हे. तेव्हा त्यात कचेरीची थट्टा वाचणे म्हणजे आपल्या पदरचे घालणे. आक्षेपाचा पहिला भाग पूर्ण मान्य आहे, पण त्यावरून दुसरा निघत नाही. रूपक चालते ते उपमानाच्या ओळखीवर. क्रोधाला नाईकवाडी आणि ममतेला देशपांडीण करायचे, तर नाईकवाडी दंगा करतो आणि देशपांड्यांच्या दफ्तरापुढे रयत हतबल होते, हे ऐकणाऱ्याला आधीच पटलेले असावे लागते. अध्यात्म हा नाथांचा हेतू होता, कचेरी हा श्रोत्यांचा अनुभव होता. हसू या दुसऱ्या गोष्टीतून येत होते. शिवाय नाथांनी दोष एकट्या शेखदारावर टाकलेला नाही. तो बिचारा दुबळा आहे, खाणारे भोवती बसले आहेत. गोंधळलेला नोकर आणि सराईत लुबाडणारे यांना त्यांनी वेगवेगळे दाखवले, हे साध्या टवाळीला जमत नाही.

ही थट्टा इथे टिकून का राहिली, याचे कारण महसुलाच्या इतिहासात आहे. निजामशाहीतल्या मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली, तिचे पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले. निजामशाही गेली, मोगल आले, मग हैदराबादचा निजाम आला. मालक बदलले, पण गावातले आणि परगण्यातले मधले हात पिढ्यान्‌पिढ्या तेच राहिले. हैदराबाद राज्यात 1853 मध्ये सालारजंग दिवाण होईपर्यंत महसूल मक्त्याने देण्याची पद्धत बोकाळलेली होती. पगारी अधिकाऱ्यांची जिल्हाव्यवस्था म्हणजे जिलाबंदी 1865 मध्ये आली. कारभाराची भाषा आधी फारसी होती, 1880 च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. म्हणजे मराठी बोलणाऱ्या कुणब्याने किती भरले आणि कागदावर किती चढले, हे त्याला स्वतःला वाचता येत नव्हते. 17 सप्टेंबर 1948 ला हा मुलूख निजामी राजवटीतून सुटला आणि पुढच्या वर्षी जहागिऱ्या संपवण्यात आल्या. जिथे कागद वाचता येत नाही, तिथे हिशेब विचारायची एक वाट उरते, ती म्हणजे हिशेब ठेवणाऱ्याची नक्कल. पुण्या-बडोद्याकडच्या विनोदाशी ताडून पाहिले की फरक कळतो. विनोदी लेखक चि. वि. जोशी यांची हयात बडोदा संस्थानाच्या सेवेत गेली, तरी त्यांच्या चिमणरावाची धांदल मुख्यतः घरातली आणि नातेवाइकांतली राहिली. 1940 च्या ‘लग्न पाहावे करून’मध्ये दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी चिमणराव-गुंड्याभाऊंची जोडी पडद्यावर आणली, तीही घरगुतीच. नाथांच्या अर्जदस्तात जातो तो पैसा सरकारचा आणि रयतेचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. हा शब्दांचा खेळ झाला, सिनेमातला धांदरटपणा अंगाने करायचा असतो, दोहोंचा संबंध काय? उत्तर असे, की भारूड वाचण्यासाठी लिहिलेलेच नव्हते. ते सोंग घेऊन, नाचून, अडखळून, आंधळा-बहिरा होऊन करून दाखवायचे असते. याच जिल्ह्यातल्या निरंजन भाकरे यांच्या ‘बुरगुंडा’ या भारुडावर अगदी अलीकडेपर्यंत, 2021 मध्ये ते जाईपर्यंत, प्रेक्षक लोटपोट होत, ते काही नुसत्या शब्दांमुळे नव्हे. तमाशातल्या वगाने हीच अंगाची भाषा हवालदार-शिपायांना दिली. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या 1965 च्या लोकनाट्यात कोतवालीच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेला हवालदार आहे आणि वग फिरतो राजाच्या छपरी पलंगाभोवती. दादा कोंडके यांनी तो हवालदार गाजवला आणि 1975 च्या ‘पांडू हवलदार’पर्यंत त्याला पडद्यावर नेले. इकडे मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकवणाऱ्या लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एका उपरण्याच्या आधाराने 52 पात्रे एकट्याने उभी केली. त्यात कचेरी नाही, वसूल नाही. पण क्षणात खांदे पाडून म्हातारा होणारे आणि पुढच्याच क्षणी पदर सावरणारे ते अंग भारुडाच्या सोंगाचेच आहे.

आता कोणी म्हणेल, नाथ आणि सिनेमा यांच्यामध्ये तीन-चार शतकांची दरी आहे, वारसा सिद्ध कसा करणार? एकाने दुसऱ्याची नक्कल केली, असा दावा मुळात नाहीच. दावा एवढाच, की जुने दुखणे कायम राहिल्यामुळे त्यावरचे हसूही त्याच जागी पुन्हा उगवले. 2007 चा ‘जाऊ तिथं खाऊ’ घ्या. औरंगाबादेत शिकलेल्या मकरंद अनासपुरे यांच्या या चित्रपटात चक्क विहीर चोरीला गेल्याची तक्रार होते. विहीर कागदावर खोदली गेली, कागदावर बांधली गेली आणि पैसे टेबलाटेबलांवर वाटले गेले. मग तक्रारदार सरकारचा कागद खरा मानतो आणि विचारतो: विहीर होती ना, मग गेली कुठे? श्याम बेनेगल यांच्या ‘वेल डन अब्बा’ची गोष्टही अशाच हरवलेल्या विहिरीची आहे. ती हैदराबादेकडे घडते आणि तिच्यामागे जिलानी बानो यांची उर्दू कथा आहे. एकाच जुन्या राज्याच्या दोन टोकांना, दोन भाषांत, तीच विहीर हरवावी हा योगायोग समजणे कठीण आहे. जिवाजी शेखदाराची ओस पडलेली गावे आणि कागदावरची ही विहीर यांत शतके गेली, पण कागद आणि जमीन यांच्यातली तफावत तीच राहिली.

शेवटचा आक्षेप नैतिक आहे: हसून रयतेच्या हाती काय लागले? पैसे परत आले नाहीत, हे खरेच. हसू हे गाऱ्हाण्याची धार बोथट करते, हेही कधीकधी खरे. पण विनोदाचे काम वसुलीचे नसते. ‘चुकून झाले’ हा खुलासा फसवा आहे, हे साऱ्या गावाला एकाच वेळी कळवणे, एवढे त्याचे काम आणि ते या परंपरेने चोख केले आहे. मराठी विनोदी चित्रपटाचा इतिहास आपण स्टुडिओंपासून आणि मूकपटांपासून सांगत आलो. त्याचे पहिले प्रकरण पैठणला, एका अर्जाच्या मसुद्यात सापडते. जो कोणी हा इतिहास पुन्हा लिहायला घेईल, त्याने आधी तो अर्ज वाचावा.