क्ले नेमबाजी : काडतुसे बाळगावीत कशी?

कोल्हापूर : नेमबाजी म्हटले, की कोल्हापूरकरांच्या डोळ्यांसमोर रायफल आणि पिस्तूल येते. २०१० मध्ये म्युनिच येथील जागतिक स्पर्धेत ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात सुवर्णपदक मिळविणारी तेजस्विनी सावंत, २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक पटकाविणारी राही सरनोबत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ब्राँझपदक जिंकणारा राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, ही नावे येथे घराघरांत पोचली आहेत. त्या मानाने शॉटगनचा, म्हणजेच उडत्या तबकडीवर नेम साधण्याचा प्रकार जिल्ह्यात कमी परिचयाचा आहे. २००४ मध्ये अथेन्स ऑलिंपिकमध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळविल्यानंतर या खेळाकडे देशाचे लक्ष वेधले गेले.

या खेळाकडे वळणाऱ्यास पहिला प्रश्न पडतो तो बंदुकीचा. दुसरा प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारीत नाही. काडतुसे अंगावर कशी बाळगायची? रायफलचा नेमबाज एका जागी राहून नेम धरतो. त्याची काडतुसे हाताशी डबीत असतात. क्लेच्या नेमबाजाला एका स्थानावरून दुसऱ्या स्थानावर सतत जावे लागते. त्यामुळे दारूगोळा त्याच्यासोबतच फिरतो. तो कशात ठेवला आहे, यावर गुण आणि सुरक्षितता या दोन्ही गोष्टी अवलंबून असतात.

एका फेरीला किती काडतुसे?

निवडीची सुरुवात या हिशेबाने करावी. ट्रॅप प्रकारात एका फेरीत २५ तबकड्या सुटतात आणि पात्रता फेरीत प्रत्येक तबकडीवर दोन बार काढण्याची मुभा असते. म्हणजे एका फेरीला जास्तीत जास्त ५० काडतुसे लागू शकतात. स्कीटमध्येही तबकड्या २५ च असतात. मात्र प्रत्येकीवर एकच बार काढता येत असल्याने २५ काडतुसे पुरतात. तबकडी फुटकी निघाल्यास किंवा यंत्रातून नीट न सुटल्यास ती पुन्हा सोडली जाते. त्यासाठी चार-सहा काडतुसे जादा ठेवावीत.

स्पर्धेतील काडतूस बाराबोरचे आणि त्यातील छर्रे जास्तीत जास्त २४ ग्रॅम वजनाचे असतात. अशा २५ काडतुसांच्या खोक्याचे वजन सुमारे एक किलो भरते. ट्रॅपच्या नेमबाजाने फेरीच्या प्रारंभी दोन किलो वजन अंगावर घेतलेले असते आणि ते प्रत्येक बारानिशी कमी होत जाते. हे वजन खांद्यावर घ्यायचे की कमरेवर, हाच खरा निवडीचा मुद्दा आहे.

जाकिटाचे खिसे

नेमबाजीच्या जाकिटाला खाली दोन मोठे खिसे असतात. नवशिक्याला वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही, ही त्याची सोय. परंतु भरलेले खिसे जाकीट खाली ओढतात. बंदुकीचा दस्ता ज्या जागी टेकवायचा, ती खांद्यावरची गादी त्यामुळे किंचित सरकते. पहिल्या पाच तबकड्यांना दस्ता एका जागी बसतो आणि शेवटच्या पाचांना दुसऱ्या. स्कीटमध्ये तबकडी दिसेपर्यंत दस्ता कमरेजवळ धरून मग खांद्याला लावावा लागतो, त्यामुळे तेथे हा फरक अधिक जाणवतो. जाकिटच वापरायचे असल्यास दोन्ही खिशांत सारखे वजन ठेवावे.

कमरेचा पाऊच

रुंद पट्ट्याला अडकविलेला पाऊच हा बहुतेकांसाठी उत्तम पर्याय ठरतो. वजन कमरेवर येते आणि खांदे मोकळे राहतात. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याने तो उजवीकडे किंचित पुढे घ्यावा; डावखुऱ्याने डावीकडे. तोंड रुंद आणि ताठ असावे, म्हणजे न पाहता हात आत जातो. ट्रॅपमध्ये आधीच्या नेमबाजाचा बार झाल्यावर १२ सेकंदांच्या आत तबकडी मागावी लागते. त्या वेळात काडतूस शोधण्यासाठी मान खाली घालणाऱ्याची एकाग्रता मोडते.

दोन कप्प्यांचा पाऊच मिळाल्यास तोच घ्यावा. एका कप्प्यात भरलेली आणि दुसऱ्यात रिकामी काडतुसे, ही विभागणी काटेकोर पाळावी. दोन्ही एकत्र झाल्यास घाईत रिकामे काडतूस बंदुकीत जाते आणि हातची तबकडी जाते. उलटपक्षी, रिकाम्यांच्या ढिगात भरलेले काडतूस कचऱ्यात जाण्याची भीती असते.

पट्ट्याला अडकविण्याचा खोक्याचा धारकही मिळतो. त्यात २५ चे खोके जसेच्या तसे बसते, काडतुसांच्या पितळी बुडांची दिशा एकच राहते आणि किती शिल्लक आहेत हे नजरेला दिसते. स्कीटसाठी तो सोयीचा. ट्रॅपसाठी मात्र एक खोके अपुरे पडते.

शिकारीचा पट्टा नको

कोल्हापूरला बाराबोर नवी नाही. संस्थानकाळात दाजीपूरचे जंगल राजघराण्याचे शिकारीचे रान होते. १९५८ मध्ये तेथे अभयारण्य झाले आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा काळ सरला. तरी त्या काळातील चामडी पट्टे काही घरांत अद्याप जपलेले आढळतात. ओळीने शिवलेल्या कड्यांत एकेक काडतूस खोचलेला हा पट्टा दिसायला रुबाबदार असतो.

दिवसभर रानात हिंडून दोन-चार बार काढणाऱ्यासाठी तो योग्य होता. क्लेसाठी तो गैरसोयीचा आहे. त्यात साधारण २५ काडतुसे मावतात, घट्ट कड्यातून ती ओढून काढावी लागतात आणि पाठीमागची हाताला लागत नाहीत. दुसरे कारण चामड्यातच आहे. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावले जाते. अशा वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेल्या चामड्यात टॅनिनचा अंश राहतो. काडतूस त्यात आठवडेच्या आठवडे खोचून ठेवल्यास पितळी बुडावर हिरवट गंज चढतो. असे काडतूस बंदुकीत अडकू शकते. स्थानिक कारागिराकडून चामड्याचा पाऊच शिवून घेण्यास हरकत नाही. त्याला आतून कापडी अस्तर लावावे आणि सराव संपताच तो रिकामा करावा.

पावसाळ्यात हा नियम सर्वच पिशव्यांना लागू पडतो. ओल्या पाऊचमध्ये काडतुसे रात्रभर ठेवू नयेत. पिशवी उलटी करून वाळवावी व काडतुसे पुसून कोरड्या जागी ठेवावीत.

एका पिशवीत एकच बोर

काडतुसे बाळगण्याच्या संदर्भातील सर्वांत गंभीर धोका मिसळणीचा आहे. वीस बोरचे काडतूस बाराबोरपेक्षा बारीक असते. ते चुकून बाराबोरच्या नळीत टाकल्यास पुढे घसरून अडकते. नळी रिकामी वाटते. बार झाला नाही म्हणून नेमबाज त्यामागे बाराबोरचे काडतूस भरतो आणि चाप ओढतो. पुढची वाट बंद असल्याने नळी फुटते. ती नेमकी पुढच्या हाताजवळ फुटत असल्याने बोटे गमावण्याची वेळ येऊ शकते.

या कारणानेच वीस बोरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा प्रघात पडला. तथापि, केवळ रंगावर विसंबू नये. बुडावर कोरलेला आकडा वाचावा. घरात दोन बोरच्या बंदुका असल्यास पिशव्याही दोन असाव्यात. बार अपेक्षेप्रमाणे झाला नाही, तर पुढचे काडतूस भरण्यापूर्वी बंदूक उघडून नळीतून आरपार पाहावे.

एकाच बोरमध्येही छर्ऱ्यांचा फरक असतो. ट्रॅपसाठी साडेसात क्रमांकाचे, तर स्कीटसाठी नऊ क्रमांकाचे बारीक छर्रे वापरतात. नऊ क्रमांकाचे काडतूस ट्रॅपमध्ये गेल्यास दूर पळणारी तबकडी फुटेलच याची खात्री नसते. म्हणून दोन्ही प्रकार खेळणाऱ्याने फेरी संपताच उरलेली काडतुसे मूळ खोक्यात परत ठेवावीत.

प्रवास आणि परवाना

मैदानापर्यंतच्या प्रवासात काडतुसे पाऊचमध्ये सुटी नेऊ नयेत. ती मूळ खोक्यात आणि खोकी कुलूपबंद पेटीत असावीत. पेटी उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नये. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार काडतुसांनाही परवाना लागतो. तो नेहमी सोबत असावा. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने नेमबाजांसाठी शॉटगनच्या काडतुसांची सरावाची वार्षिक मर्यादा ५०० वरून ५००० केली.

विमान प्रवासात आंतरराष्ट्रीय नियमानुसार विमान कंपनीची पूर्वसंमती घेऊन प्रतिप्रवासी वेष्टनासह पाच किलोपर्यंत काडतुसे सामान कक्षात नेता येतात. ती संख्या सव्वाशेच्या आसपास भरते. ट्रॅपच्या १२५ तबकड्यांच्या स्पर्धेला दुसऱ्या बारासह २५० पर्यंत काडतुसे लागू शकतात. उरलेल्यांची सोय स्पर्धेच्या ठिकाणी आधीच करावी लागते.

सरावाची पिशवी इतर कोणत्याही कामासाठी वापरू नये. बॅगेच्या कोपऱ्यात विसरलेले एखादे काडतूस विमानतळावरील तपासणीत सापडून गुन्हा दाखल झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. मैदान सोडण्यापूर्वी पाऊच उलटा करून झटकावा, प्रत्येक खिशात हात घालावा आणि उरलेली काडतुसे मोजावीत. त्यास एक मिनिटही लागत नाही.