अंगणात उडवायला रिमोटचं हेलिकॉप्टर घेताय? आधी हे तपासा

नांदेड असो की लातूर, अनेक स्वस्त खेळण्यातली हेलिकॉप्टर घरात मस्त उडतात, पण अंगणात नेली की कोसळतात. कारण ऊन आणि वारा.

रिमोट: स्वस्त मॉडेलचा रिमोट बहुतेकदा टीव्हीसारखा इन्फ्रारेड असतो. उन्हात त्याचा सिग्नल तुटतो. बॉक्सवर '२.४ गिगाहर्ट्झ' लिहिलेलं असेल तरच घ्या.

पंखे: एकावर एक असलेले दोन पंखे उलट दिशांना फिरतात, म्हणून हेलिकॉप्टर गिरक्या घेत नाही. शिकायला सोपं, पण वाऱ्यात वाहून जातं. वर एक पंखा, शेपटीला छोटा पंखा आणि जायरो असलेलं चार चॅनलचं मॉडेल वाऱ्यात थोडं जास्त टिकतं. सहा चॅनलचं नवशिक्यांसाठी नाही.

बॅटरी: उडवून झाल्यावर गार होऊ द्या, मगच चार्ज करा. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत ठेवू नका.

नियम: ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंत पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. मात्र विमानतळाजवळची बंधनं लागू आहेत आणि विमानतळ दोन्ही शहरांत आहे. आपला भाग डीजीसीएच्या नकाशावर हिरवा आहे का, ते पाहा.

पहिलं उड्डाण सकाळी, वारा पडलेला असताना करा. लहान मुलांना फिरत्या पंख्यांपासून लांब ठेवा.